खारं पाणी, लाल चिखल आणि फोर बाय फोर

भातकापणी उरकली, किनाऱ्यावर बाहेरगावच्या गाड्या दिसू लागल्या आणि आमच्या टपालाचा सूरही बदलला. पावसात ‘गाडी चढत नाही’ अशी पत्रं होती. आता ‘खालून गंज दिसतो’, ‘ऑइल पांढरं झालंय’ अशी आहेत. कोकणातल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ देता येणाऱ्या गाड्यांबद्दलची एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. इथला आकडा आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा निघाला, तर मॅन्युअलचा धरा.

नवी थार मुरुडच्या किनाऱ्यावर लाटेच्या कडेने फिरवली. पाणी रिमपर्यंत आलं. घरी येऊन पाइपने धुतली. एवढं पुरे का? गॅरेजवाले खालून जळकं ऑइल मारून घ्या म्हणतात. (दापोली)

पुरे नाही. दिसणाऱ्या पत्र्यावरचं मीठ पाइपने निघून जातं. राहतं ते चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळ दांड्यांत, ब्रेकच्या बॅकप्लेटमागे, स्प्रिंगच्या बैठकीत आणि बॉडी जिथे चॅसिसवर टेकते त्या रबरी माउंटच्या खाली. ते सुकलं म्हणून गंजणं थांबत नाही, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. त्यामुळे गाडी त्याच दिवशी धुवायला हवी. आता उशीर झाला असला तरी पुन्हा नीट धुवा.

धुण्याआधी पाणी चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, आणि त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठावर मीठ. बागेतला फिरता स्प्रिंकलर गाडीखाली पुढे, मधे आणि मागे प्रत्येकी १५-२० मिनिटं चालू ठेवा. पाणी भरपूर आणि दाब कमी, हे सूत्र. प्रेशर वॉशर चिखलाला उत्तम, पण त्याचं नोझल हबच्या ऑइलसीलवर, अल्टरनेटरवर, रेडिएटरच्या पाकळ्यांवर किंवा वायरिंगच्या कनेक्टरवर जवळून धरलं तर खारट पाणीच आत ढकललं जातं. चॅसिसला बाजूने आणि खालून भोकं असतात. त्यांत पाइप घालून दुसरीकडून नितळ पाणी येईपर्यंत सोडत राहा. सुरुवातीला वाळू येईल. दरवाज्यांच्या खालच्या कडेच्या निचऱ्याच्या चिरा काडीने मोकळ्या करा.

थारला मागे ड्रम ब्रेक आहेत. ते उघडून घ्या. ड्रममध्ये राहिलेली वाळू लायनर आणि ड्रम दोन्हींवर चरे पाडते आणि ब्रेक लावताना खरखर येते. पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथे चालत नाही, कारण त्याने रबरी बूट फुगतो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला निप्पल असतील तर जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरा. शेवटी गाडी चार-पाच किलोमीटर चालवून, ब्रेक हलके दाबत सुकवा.

जळक्या ऑइलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: मारू नका. त्याचा थर पातळ असतो आणि पहिल्या दोन मोठ्या पावसांत धुऊन जातो. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात, फवारा ब्रेकवर गेला तर लायनर वाया जातात, आणि उरलेलं सगळं तुमच्या खळ्यात, पुढे विहिरीत उतरतं. त्याऐवजी मेणाचं किंवा लॅनोलिनचं अंडरबॉडी कोटिंग घ्या. ते बुशना त्रास देत नाही आणि वर्षाला एकदा हात फिरवला की झालं. गाडी पूर्ण कोरडी असतानाच मारायचं, म्हणून फेब्रुवारी-मार्च ही योग्य वेळ. मेअखेरीला गॅरेजवर रांगा लागतात, तेव्हा ओल्या चॅसिसवरच फवारणी उरकली जाते.

आणि किनाऱ्यावर गाडी मुळात नेऊच नये, असं आम्हाला वाटतं. वेळास, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटं वाळूत जेमतेम दीड फूट खोल असतं. त्यावरून टायर गेला की वाळू दाबली जाते, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. हे कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आमचं घरगुती लॉज आहे. दर शनिवार-रविवारी कुणाची तरी गाडी वाळूत रुतते आणि आमच्या एमएम ५४० जीपला बोलावणं येतं. होडीचा दोर वापरतो. मागच्या वेळी दोर तुटून बॉनेटवर आपटला. योग्य पद्धत काय? (केळशी)

बॉनेटवर आपटला म्हणून निभावलं. ताणलेला दोर तुटताना टोकाला बांधलेलं लोखंड बरोबर घेऊन येतो, आणि ते काचेतून आरपार जाऊ शकतं.

ओढण्याआधी खणा. दहांतल्या सात-आठ गाड्या ओढाव्या लागतच नाहीत. चारही चाकांपुढची वाळू फावड्याने उतरती काढा, पोट टेकलं असेल तर पोटाखालचीही काढा. मग टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खणायचं थांबतं. १२च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. ट्यूब असलेल्या टायरमध्ये इतकी कमी हवा ठेवली तर ट्यूब आत सरकून वॉल्व्ह उपटला जातो, तिथे १८-२०वर थांबा. चाकांपुढे नारळाची झापं उलटसुलट दोन थर घाला. ओली असतील तर आणखी चांगलं. गोणपाटही चालतं, पण ते चाकाबरोबर गुंडाळून ब्रेकच्या पाइपवर ओढलं जातं, म्हणून टोक धरायला माणूस ठेवू नका, टोक वाळूत पुरा. गाडी फोर बाय फोर असेल तर लो रेंज (जास्त ओढ देणारे सावकाश गिअर), दुसरा गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, ॲक्सिलरेटर हलका. चाक जागच्या जागी फिरलं की लगेच पाय काढायला सांगा. प्रत्येक जादा फेरी म्हणजे आणखी दोन बोटं खड्डा.

यानंतरही निघाली नाही तर ओढा. होडीचा दोर उन्हाने आणि मिठाने आधीच कमजोर झालेला असतो, आणि गाठ मारली की त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. त्याऐवजी दोन्ही टोकांना शिवलेले डोळे असलेला, किमान ९ मीटरचा पट्टा किंवा ताण घेऊन लांबणारा कायनेटिक दोर घ्या. जोडायला १९ मिमीचे, ४.७५ टन छापलेले बो-शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या. पिन पूर्ण आवळून पाव फेरी सैल करा, नाहीतर ओढल्यावर ती उघडत नाही. तुमच्या एमएमला मागे चॅसिसच्या आडव्या दांड्यावर बोल्ट केलेला हुक आहे, तो वापरा. त्याचे बोल्ट मात्र गंजलेत का ते वर्षातून एकदा काढून बघा. रुतलेल्या गाडीचा बंपर, स्टिअरिंगचा टायरॉड, ट्रेलरचा गोळा यांना कधीही बांधायचं नाही. छोट्या गाड्यांना बंपरमध्ये आटे फिरवून लावायची टोइंगची कडी असते. ती रस्त्यावर सरळ ओढण्यासाठी असते, रुतलेली गाडी उपसण्यासाठी नाही. ती वापरावीच लागली तर आधी पुरेसं खणा आणि हळूहळू ताण द्या, झटका नको. दोराच्या मध्यावर भिजवलेलं पोतं टाका म्हणजे तुटला तरी उडत नाही. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. हे सगळ्यांत अवघड काम, कारण मोबाइलवर शूटिंग करणारे जवळ सरकतातच.

भरतीचं गणित तुम्हाला आम्ही सांगायला नको, पण गाडीवाल्याला सांगताना एक गोष्ट पटवून द्या: पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाच्या साधारण बारावा हिस्सा येतो, मधल्या दोन तासांत निम्मा. त्यामुळे ‘अर्ध्या तासात एवढंसंच आलं’ हा हिशोब दुसऱ्या तासानंतर कोलमडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर बोलायलाच नको, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला थोडी सवड मिळते. पाणी मागच्या चाकाला लागलं आणि गाडी पोटावर असेल, तर माणसं, कागदपत्रं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि तुमची एमएम वर घ्या. एकीच्या जागी दोन गाड्या बुडवण्यात शहाणपण नाही.

वहाळ ओलांडून आल्यावर सर्व्हिसला मागच्या डिफ्रन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल काढलं तर दुधाळ चहासारखं निघालं. सील बदललं, तरी पुढच्या पावसात तेच. गाडी २०१४ची थार. (लांजा)

सीलचा दोष नसावा. ब्रीदर बघा. चालून चालून डिफ्रन्शियल तापतं, आतली हवा प्रसरण पावलेली असते. ते तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात बुडालं की हवा आकसते आणि आत पोकळी तयार होते. ॲक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी असते, तोच ब्रीदर. तो गाळाने बुजला असेल तर हवा तिथून येऊ शकत नाही आणि ऑइलसीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. टोपी उघडी अडकली असेल तर पाणी थेट तिथूनच शिरतं. दोन्हीचा परिणाम एक, म्हणून सील बदलून काही साधलं नाही.

आधी ऑइलचं. भरायचा वरचा बोल्ट पहिल्यांदा उघडा आणि मगच खालचा. उलट केलंत आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर रिकामं डिफ्रन्शियल घेऊन बसावं लागेल. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा थर साधारण असतोच. बोटांना कडक कपचे लागले तर दातांचा प्रश्न आहे, मेकॅनिककडे उघडून घ्या. सगळं ऑइल निथळू द्या, स्वस्तातलं त्याच ग्रेडचं ऑइल भरून २००-३०० किलोमीटर चालवा, परत काढा. ते स्वच्छ निघालं की चांगलं ऑइल भरा. भोकाच्या खालच्या काठापर्यंत आलं की पातळी बरोबर, गाडी सपाट जागेवर हवी. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेली. डिफ्रन्शियलला बहुधा जीएल-५ प्रकारातलं ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं. तेच उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ढकलण्याची सवय मात्र मोडा. जीएल-५मधली गंधकाची द्रव्यं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात, आणि मग दुसरा-तिसरा गिअर टाकताना कर्र वाजतं.

आता ब्रीदर वर उचला. टोपी काढून तिच्या जागी निप्पल बसवा. निप्पलवर घट्ट बसेल असा इंधनाचा रबरी पाइप, आतून बहुधा ६ ते ८ मिमी लागतो, चॅसिसच्या कडेने वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत किंवा इंजिनच्या डब्यात फायरवॉलला उंच बांधा. टोकाला मोटारसायकलचा प्लास्टिकचा पेट्रोल फिल्टर लावून तोंड खाली करा. चाक पूर्ण लोंबकळतं तेव्हा ॲक्सल बराच खाली जातो, तेवढी ढील पाइपला ठेवा, आणि मधे कुठे झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचलं की पाइप बुजल्यातच जमा. केबल टाय चेपून बांधल्याने पाइप चिमटला जातो, हे बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं. पुढचं डिफ्रन्शियल, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्स यांनाही स्वतंत्र ब्रीदर असतात. एकदा गाडी उचललीच आहे तर चारही करून घ्या. एवढं करूनही पाणी आलं, तर सीलकडे वळा, आणि सील बसतं त्या शाफ्टवर खाच पडली आहे का ते नखाने चाचपा. खाचेवर कितीही नवी सीलं घातली तरी गळणारच.

स्नॉर्केल (इंजिनची हवा छताजवळून ओढणारा पाइप) बसवला की किती पाण्यात जाता येईल? (मंडणगड)

जेवढ्यात आधी जाता येत होतं तेवढ्यातच. नव्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते, आणि ती फक्त हवेच्या तोंडावर ठरलेली नाही. अल्टरनेटर, पंखा, वायरिंगची जोडणी, ब्रीदर, सगळं त्यात धरलेलं असतं. स्नॉर्केल पुढच्या लाटेचा फवारा आणि धुळीचा लोट अडवतो, तेवढंच. तोही एअरफिल्टरच्या डब्यापर्यंतचे सगळे सांधे हवाबंद असतील तर. डब्याच्या तळाचं निचऱ्याचं भोक उघडं राहिलं की वरचा सगळा खर्च फुकट. वाहतं पाणी असेल तर खोली मोजूच नका, दोन फूट वेगवान पाणी मोठी गाडी उचलून नेतं.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून किंवा ओढून चालू करायचं नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढा, एअरफिल्टर बघा. तो ओला असेल तर डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलला स्पार्क प्लग काढून, क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. हे नुकसान साध्या विम्यात बहुधा मिळत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं.

जिम्नीला २३५/७५ आर १५चे ऑल टेरेन टायर आणि दोन इंची लिफ्ट करायची, म्हणजे गाडी उंच करायची आहे. काय बिघडेल? आरटीओ अडवेल का? (सावंतवाडी)

आकडे मांडू. टायरवर आधी रुंदी मिमीत, मग भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत लिहिलेला असतो. मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. तुम्ही म्हणता तो ७३३.५ मिमी, म्हणजे सुमारे ६ टक्के मोठा. गाडीची उंची व्यासाच्या वाढीच्या निम्मी, म्हणजे २० मिमी वाढते. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडीचा वेग आधीपेक्षा पाचेक किलोमीटर जास्त असेल. इंजिनची ओढ मुळात १३४ न्यूटन-मीटरची. सगळे गिअर ६ टक्के लांब झाल्यावर करूळ घाटाच्या चढाला तिसऱ्याऐवजी दुसऱ्यात राहावं लागेल. शिवाय जिम्नीचं मूळ रिम साडेपाच इंच रुंद, आणि २३५च्या टायरला साधारण सहा इंचांपासून पुढचं रिम लागतं. म्हणजे टायरबरोबर रिमही आलं. मागच्या दारावर टांगलेलं पाचवं चाक, म्हणजे जड स्टेपनी, दाराच्या बिजागऱ्यांना महागात पडते. पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या फ्लॅपला घासतो, तो भाग वेगळाच.

आमचा सल्ला २१५/७५ आर १५. व्यास फक्त दीड टक्क्याने वाढतो, मूळ रिमवर बसतो, लिफ्ट लागत नाही. कातळाच्या कडा आणि पाणंदीतला चिखल यांना उपयोग रुंदीपेक्षा टायरच्या भिंतीच्या जाडीचा आणि नक्षीचा जास्त होतो.

तरीही लिफ्ट करायचीच असेल तर नुसते उंच स्प्रिंग टाकून थांबू नका. जिम्नीला पुढे-मागे सलग ॲक्सल आहेत. गाडी ५० मिमी वर गेली की पॅनहार्ड रॉडचा, म्हणजे ॲक्सल आडवा जागेवर धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. पुढच्या कास्टरचा कोन (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल) कमी होतो, त्यामुळे ८०च्या पुढे स्टिअरिंग भरकटतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. हे दुरुस्त करायला कास्टरचे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो. ब्रेकचे रबरी पाइप आणि एबीएसच्या वायरी चाक लोंबकळल्यावर ताणत नाहीत ना, ते गाडी जॅकवर घेऊन बघा. हेडलाइट खाली आणा, नाहीतर घाटात समोरच्याचे डोळे दिपतील.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४)नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्ट आणि मोठी चाकं त्यात सरळ येतात. रस्त्यात कुणी अडवत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायरचा आकार लिहून घेतो तेव्हा गोष्ट लक्षात येते. लोखंडी बुल बार तर लावूच नका, डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे.

जिप्सीची चॅसिस मागच्या पाट्याच्या हँगरजवळ गंजून भोक पडलंय. डेंटर वरून पत्रा ठोकून रबर कोटिंग करतो म्हणतो. (मालवण)

करू देऊ नका. गंजावर चढवलेला पत्रा गंजालाच चिकटतो, आणि त्यावरचं रबर कोटिंग आतली ओल आतच कोंडतं. दोन पावसांत पत्र्यासकट चॅसिस जाईल आणि बाहेरून काळी कुळकुळीत दिसेल.

आधी किती गेलंय ते कळू दे. छोट्या हातोडीने पूर्ण चॅसिस ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका येईल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. जिप्सीत मागच्या ॲक्सलवर चॅसिस वर चढते तो बाक, पाट्यांचे हँगर, बॉडी माउंटचे कंस आणि मागच्या बंपरची टोकं या जागा आधी जातात, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो. दोन्ही बाजूंना बाकावरच मऊ लागत असेल तर ठिगळं लावत बसू नका, धड चॅसिस किंवा दुसरी गाडी शोधा.

नुसत्या हँगरपुरतं असेल तर काम होण्यासारखं आहे. पेट्रोलची टाकी उतरवा. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि एमपीएफआय (इंधन-इंजेक्शनची) गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढा, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह ईसीयू जाळतो. अर्थची क्लॅम्प वेल्डच्या जवळच लावायला सांगा. कुजलेला भाग चमकदार लोखंड लागेपर्यंत कापून काढा. त्याच जाडीची प्लेट घ्या. जास्त जाडीची घेतली तर तिच्या कडेला नवा तडा जातो. प्लेटची टोकं सरळ उभी न कापता तिरकी किंवा माशाच्या तोंडासारखी कापा, म्हणजे वेल्डची रेघ चॅसिसला आडवी जात नाही. चॅसिस नंबर कोरलेल्या भागाला हात लावायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

वेल्डनंतर बाहेरून झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमर, वर पेंट. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, त्यातून ओल झिरपते आणि खारट हवेत तो एका वर्षात पापुद्र्याने सुटतो. खरं महत्त्वाचं आतून. वेल्डच्या उष्णतेने आतला रंग जळलेला असतो, तिथे लांब नळीने चॅसिसच्या भोकातून पोकळीत मारायचं मेण सोडा. निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजलेली नाहीत ना, हे गाडी घेण्याआधी स्वतः वाकून बघा. गॅरेजवाल्याची घाई तिथेच नडते.

आंबोली घाटात पावसात, धुक्यात फोर व्हील ‘हाय’ (चारही चाकांना ओढ, गिअर नेहमीच्या वेगाचे) टाकून चालवावी का? (कुडाळ)

डांबर नुसतं ओलं असेल तर नको. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा यांत पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडला जातो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, पकड असलेल्या रस्त्यावर तो फरक कुठे जिरत नाही, आणि गिअर-शाफ्टमध्ये पीळ भरतो. वळताना गाडी अडखळल्यासारखी वाटते ती यामुळे. दरडीचा चिखल पसरला असेल तेवढ्या पट्ट्यात टाका, पुढे काढा. लिव्हर अडकला तर जोर करू नका, चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो. घसरण थांबवायला चांगली नक्षी आणि कमी वेग यांचाच उपयोग होतो.

गाडी गावी असते. गणपतीला चालवतो, मग थेट शिमग्याला. दर वेळी बॅटरी उतरलेली, हँडब्रेक जाम, यंदा वायरी उंदरांनी खाल्ल्या. (राजापूर-ठाणे)

हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून चिरे लावा. ओले लायनर ड्रमला चिकटतात ते हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे. आता चिकटलेच असतील तर ड्रमच्या कडेवर लाकूड ठेवून हातोडीने ठोका, जोर लावून गाडी ओढलीत तर लायनर ब्रेक-शूपासून सुटून येईल.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. व्होल्टमीटरवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. त्याखाली महिनोन्महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती परत कधी पूर्ण भरत नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय जास्त हवा ठेवा. गाडी मातीत किंवा गवतावर नको, चिऱ्याच्या खळ्यात किंवा मांगरात ठेवा. प्लास्टिकचं घट्ट आच्छादन आतली ओल धरून ठेवतं, त्यापेक्षा वर पत्रा बरा.

उंदरांसाठी डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. गाडीत तांदळाचं पोतं, सुकट, बिस्किटाचा चुरा काही राहू देऊ नका, आणि एसीची हवा ओढायची जागा बारीक स्टीलच्या जाळीने बंद करा. एअरफिल्टरच्या तोंडात बोळे कोंबू नका. शिमग्याच्या गडबडीत ते काढायचे राहतात.

गावातल्या कुणाला महिन्यातून एकदा गाडी चालवायला सांगा, पण निदान १५ किलोमीटर. पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं न करण्यापेक्षा वाईट, कारण सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तयार झालेलं पाणी उडून जायला इंजिन पुरेसं तापतच नाही. त्यातले एक-दोन किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर व्हील टाकून, म्हणजे ट्रान्स्फर केसचे दुवे गंजून धरत नाहीत.

चिपळुणात जुनी फोर बाय फोर बघतोय. २०२१च्या पुरात बुडालेली नाही हे कसं ओळखावं? (खेड)

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर पाणी तिथवर आलेलं. सहसा कुणी तो भाग धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूचे कंस, गालिच्याखालचा फोम बघा. गाळ बारीक असतो आणि तिथून निघत नाही. फ्यूजबॉक्समागचा एखादा कनेक्टर उघडा, पितळ हिरवं पडलेलं असेल तर गाडी सोडून द्या, पुढे तो बिघाड आज इथे, उद्या तिथे करत राहील. हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी कड राहते. विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मालकालाच मागायला सांगा. इतकी वर्षं चाललेली गाडी वरवर ठीक वाटेल, पण पुरात सापडलेल्या गाडीत डिफ्रन्शियल आणि हबचं ऑइल-ग्रीस कुणी बदललं होतं का, हा प्रश्न जरूर विचारा. मालक उत्तराला अडखळला तर निदान चारही बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला.